आप्पांच्या पेटीतलं १९८८

मुलांनो, आज आधी एक कोडं घालते. पोटात दोन चाकं, पाठीला दोन इवली झाकणं आणि अंगात जवळजवळ ९० मीटर लांबीचं आतडं. पोट बिघडलं की डॉक्टर लागत नाही, पेन्सिल लागते! सांगा पाहू, मी कोण?

आमच्या चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं तेव्हा एकालाही आलं नाही. कुणी सायकल म्हणालं, कुणी अजगर. शेवटी मी पिशवीतून ती वस्तू काढून टेबलावर ठेवली. तरी वर्ग गप्पच! मग एक हात वर आला.

"बाई, ह्याला चार्जिंगची पिन कुठं लावायची?"

आणि मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "बाई, पण हिच्यात गाणी नेमकी असतात कुठं?"

कोड्याचं उत्तर होतं कॅसेट. पालकांना ते पहिल्या ओळीतच कळलं असेल, पण त्यांनी जरा तोंड मिटून बसावं. मुलांना ओळखू द्या की!

त्याचं असं झालं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घराचे पत्रे बदलायला काढले. आमचं घर राळेगणसिद्धीत, यादवबाबांच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. पत्रे काढायचे म्हणजे माळा रिकामा करणं आलं. खाली उतरवलेल्या सामानात एक पत्र्याची पेटी निघाली. कुलूप नव्हतं, पण सुतळीनं करकचून बांधलेली होती. आत नऊ कॅसेटी, एक टेपरेकॉर्डर आणि उंदरांनी कुरतडलेलं हिशेबाचं एक वहीपान. कॅसेटी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. आणि गंमत बघा, नवातल्या चार एकाच सालच्या होत्या, १९८८!

माझा जन्म १९९१ चा. म्हणजे ज्या सालाबद्दल मी तुम्हांला सांगायला बसलेय, ते साल मी स्वतः पाहिलेलंच नाही. मला ते ऐकून माहीत आहे. आधी आप्पांकडून थोडंसं, आणि मग ह्या चार कॅसेटींकडून बरंच.

टेपरेकॉर्डर अर्थातच चालत नव्हता. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत वितळून गुळाच्या पाकासारखा चिकट झाला होता. शिरूरच्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी नवा पट्टा बसवून दिला. पैसे घेताना म्हणाले, "ताई, फार वर्षांनी असलं काम आलं बघा."

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो प्रश्न फार चांगला होता. गाणी असतात कुठं? कॅसेटमधली ती तपकिरी फीत पाहा. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडची अगदी बारीक भुकटी लेपलेली असते. म्हणजे आपल्या विळ्याखुरप्यांवर चढतो ना, त्या गंजाच्या जातकुळीतलीच! ह्या भुकटीचा कण न् कण म्हणजे एक चिमुकलं लोहचुंबक. टेपरेकॉर्डरमध्ये 'हेड' नावाचा छोटा विद्युतचुंबक असतो. आवाजाप्रमाणे त्याचा जोर बदलतो आणि समोरून सरकणाऱ्या फितीवर तशी तशी चुंबकी खूण उमटत जाते. गाणं ऐकताना हेच उलट घडतं. खुणा सरकतात, हेडमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते, ती वाढवून स्पीकरला देतात आणि गाणं वाजतं. म्हणजे गाणी असतात गंजात! वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर सरकते. एक बाजू ३० मिनिटं चालते. मग फीत किती लांब, ते तुम्हीच काढा. वही घ्या, पुढे वाचायची घाई नाही.

ही कॅसेट पहिल्यांदा लोकांसमोर आली १९६३ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात. फिलिप्स कंपनीतल्या लू ओटेन्स ह्या डच अभियंत्याच्या चमूनं ती बनवली. यंत्र केवढं असावं हे ठरवायला त्यांनी आधी कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा कापून घेतला होता म्हणे. हे गृहस्थ २०२१ साली वारले. त्यांचा ठोकळा मात्र आमच्या राळेगणच्या माळ्यापर्यंत येऊन पोचला!

१९८८ साली आप्पा सतरा वर्षांचे होते. गावात तेव्हा पाणी अडवायची, झाडं लावायची, श्रमदानाची धामधूम होती. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं दारू बंद झाली होती, दुकानात विडी मिळत नव्हती. एकंदर शिस्तीचं वारं होतं. त्या वाऱ्यात आमच्या आप्पांना लागलं गाण्यांचं वेड! टेपरेकॉर्डर मुंबईला नोकरीला असलेल्या चुलत आजोबांनी १९८६ साली आणून दिलेला. कांद्याची पट्टी आली की त्यातले थोडे पैसे आप्पांना मिळत. ते वाडेगव्हाणला जाऊन एसटी पकडायचे, शिरूर गाठायचे आणि कॅसेट घेऊन यायचे. आजीची एकच अट होती, "काय ऐकायचं ते ऐक, पण उंबऱ्याच्या आत."

तेव्हा कॅसेट घेणं सोपं झालं होतं, त्यालाही कारण आहे. आधी गाणी मिळायची तबकड्यांवर आणि ती चैन शहरातल्या लोकांची. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजनं कॅसेटी स्वस्त केल्या. हे गुलशन कुमार मूळचे दिल्लीच्या दर्यागंजमधले, घरचा धंदा फळांच्या रसाचा. दुकानात कॅसेटी रचून ठेवायच्या नाहीत, त्या पानाच्या टपरीवरसुद्धा मिळाल्या पाहिजेत, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे कांद्याच्या पट्टीतून गाणी घेणारा मुलगा खेडोपाडी तयार झाला.

पहिली कॅसेट, 'कयामत से कयामत तक'. चित्रपट आला एप्रिल १९८८ मध्ये. आमिर खान त्यात पहिल्यांदा नायक झाला. संगीत आनंद-मिलिंद ह्या भावांचं. कॅसेटमध्ये गायक दोनच, उदित नारायण आणि अलका याज्ञिक. दोघंही तोवर बरीच वर्षं धडपडत होते, आणि ह्या एका कॅसेटनं उदित नारायण घराघरांत पोचले. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं गाणं कॉलेजच्या निरोप समारंभातलं. नायक हातात गिटार घेऊन गातो की, वडिलांना वाटतं आपला मुलगा मोठं नाव काढील. आता गंमत ऐका. चाल लावणारे आनंद-मिलिंद हे जुने संगीतकार चित्रगुप्त यांचे मुलगे. म्हणजे बापाच्या अपेक्षांचं गाणं बापाचाच धंदा पुढे चालवणाऱ्या मुलांनी केलं! आणि विशीतल्या मुलाच्या मनातलं लिहिलं कुणी? मजरूह सुलतानपुरी यांनी. त्यांचा जन्म १९१९ चा. म्हणजे ते सत्तरीला टेकले होते. १९४६ सालच्या 'शाहजहान' चित्रपटात सैगल यांच्यासाठी गाणी लिहिणारा हा माणूस बेचाळीस वर्षांनंतर कॉलेजातल्या पोराच्या तोंडी शब्द देतो! मला ह्या कॅसेटमधलं सर्वांत मोठं आश्चर्य हेच वाटतं.

आप्पांची ही सर्वांत आवडती कॅसेट. पण त्या गाण्याची एक आठवण त्यांनी मला परवा पहिल्यांदाच सांगितली. आमच्या गावचं संत निळोबाराय विद्यालय नापास मुलांना मुद्दाम जवळ करणारी शाळा म्हणून महाराष्ट्रात ठाऊक आहे. बाहेरगावची, कुठे कुठे नापास झालेली मुलं इथं राहून शिकायची. त्यांतला एक मुलगा आप्पांचा मित्र झाला. आप्पांनी मोठ्या हौसेनं त्याला हे गाणं ऐकवलं. अर्धं गाणं झाल्यावर तो म्हणाला, "बंद कर रे." आप्पांना तेव्हा कळलं नाही की याला एवढं चांगलं गाणं का आवडू नये! ते मला म्हणाले, "मला वाटलं त्याला गाण्यातलं काही कळत नाही."

दुसरी कॅसेट 'तेजाब'. हा चित्रपट नोव्हेंबर १९८८ चा. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. त्यांचा संगीतकार म्हणून पहिला चित्रपट 'पारसमणी' आला १९६३ साली, म्हणजे त्यांची आणि कॅसेटची पंचविशी एकदमच झाली! ह्यातलं आकड्यांचं गाणं तुम्ही कुठल्या तरी लग्नाच्या वरातीत ऐकलं असणारच. त्याची कथा अशी सांगतात की, चाल ऐकवताना शब्द नव्हते म्हणून लक्ष्मीकांत यांनी नुसते आकडेच गाऊन दाखवले. गीतकार जावेद अख्तर यांना ते आकडेच आवडले आणि त्यांनी ते ठेवले. वाट पाहणाऱ्या माणसानं दिवस मोजावेत तसे! गायल्या अलका याज्ञिक, पडद्यावर नाचली आपली मुंबईची माधुरी दीक्षित आणि नाच बसवला सरोज खान यांनी. फिल्मफेअरचं नृत्यदिग्दर्शनाचं पारितोषिक त्या वर्षीपासून सुरू झालं आणि पहिलं मिळालं ते ह्याच नाचाला.

शिक्षिका म्हणून माझी एक तक्रार मात्र आहे. धृपदातले आकडे तेराच्या पुढे जातच नाहीत! निदान तीसपर्यंत गेले असते, तर पहिलीच्या बाईंचं केवढं काम वाचलं असतं. बाकी ह्या कॅसेटमधलं रात्रीचं एक गाणं सोडलं तर मला इतर गाणी फारशी आवडत नाहीत. आप्पांना हे पटत नाही. त्यावर आमचं भांडण चालूच आहे.

तिसरी मात्र माझी! 'अशी ही बनवाबनवी', २३ सप्टेंबर १९८८. सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे. पुण्यात खोली मिळत नाही म्हणून दोघंजण साड्या नेसून बायका होतात. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' ह्या १९६६ सालच्या चित्रपटावरून तो केला होता. पण संवाद वसंत सबनीसांचे, त्यामुळे गोष्ट अशी काही मराठी झाली की सांगता सोय नाही. संगीत अरुण पौडवाल यांचं. ते उत्तम ॲकॉर्डियन वाजवायचे. हा पेटीसारखाच भात्याचा बाजा, फक्त गळ्यात अडकवायचा. १९९१ साली ते गेले, फार लवकर गेले.

त्यातलं डोहाळजेवणाचं गाणं आठवा. पडद्यावर डोहाळे लागलेत कुणाला, तर पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेला! सगळं नाटक. खरं म्हणजे ते एक लबाडीचं गाणं आहे. पण आज आमच्या गावात, आणि तुमच्याही, खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणाला तेच गाणं वाजतं. हिरवी साडी नेसलेली एखादी ताई झोपाळ्यावर लाजून बसलेली असते, बायका ओटी भरत असतात आणि मागे बनवाबनवी! कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. चाल चांगली असली की ती कुठल्या कुठे जाऊन मानानं बसते पाहा. आमच्या आजीला हिंदी गाणी चालायची नाहीत, पण हे गाणं लागलं की ती सूप हातात तसंच ठेवून ऐकायची, असं आप्पा सांगतात.

उरली चौथी.

ही विकतची नव्हती. साठ मिनिटांची, घरी भरलेली. कागदावर आप्पांच्या सतराव्या वर्षीच्या अक्षरात लिहिलं होतं, '१९८८ निवडक'. खाली गाण्यांची नावं. मला तीच सर्वांत आधी ऐकायची होती. आप्पा म्हणाले, "ती राहू दे. खराब असेल." तीनदा म्हणाले. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी बटण दाबलं.

आधी 'मिले सुर मेरा तुम्हारा'. १५ ऑगस्ट १९८८ ला लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण झाल्यावर दूरदर्शननं ते पहिल्यांदा दाखवलं. सुरुवात भीमसेन जोशींच्या आवाजानं, मग एकेक भाषा येत जाते, १४ भाषा! आपली मराठीही त्यात येते. चाल अशोक पत्की यांची, वाद्यमेळ लुई बँक्स यांचा आणि हिंदी शब्द जाहिरात क्षेत्रातल्या पीयूष पांडे यांचे. ते कॅसेटवर विकत घ्यायला कोण थांबणार! आप्पांनी शेजारच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून भरून घेतलं होतं. त्यामुळे आमच्या कॅसेटमध्ये पंडितजींच्या तानेवर एक वासरू हंबरतं. मग कुणीतरी "श्शू!" करतं. वासरू पुन्हा हंबरतं. मी हे सहा-सात वेळा ऐकलं आणि दर वेळी हसले.

त्याच्यामागून 'महाभारत'. बी. आर. चोप्रा यांची ती मालिका २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाली, ९४ भाग चालली. महेंद्र कपूर यांचा तो शंखासारखा आवाज, आणि मागे मुलांचा कलकलाट. रविवारी सकाळी टीव्हीवाल्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची म्हणे.

दुसऱ्या बाजूला मित्राच्या टेपवरून उतरवून घेतलेली गाणी होती. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून! शेवटी 'तेजाब'मधलं आकड्यांचं गाणं लागलं. आकडे सुरू झाले, आठ झाले, नऊ झाले, आणि दहावर टक् असा आवाज होऊन गाणं तुटलं. लाईट गेली होती, १९८८ सालातली. मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात खरखर सुरू झाली. लयीतली, गोल गोल फिरणारी. जातं! आणि त्यावर एक बाईचा आवाज. ओवी.

मी आजीला पाहिलंय, पण ती गेली १९९४ साली. मी तीन वर्षांची होते. तिचा आवाज मला आठवत नव्हता. तो आवाज माझ्या आत्याच्या आवाजासारखा होता, फक्त जाड आणि न घाबरणारा. पंढरीची ओवी झाली, भावाची झाली, आणि मग एका ओवीत तिनं आप्पांचं पाळण्यातलं नाव गुंफलं. एक मिनिट आणि काही सेकंद. मग फीत संपली.

मागे वळून पाहिलं, तर आप्पा दारात उभे.

ऐका, काय झालं होतं ते. चुलत आजोबांनी टेपरेकॉर्डर आणला तेव्हा पहाटे दळताना आजीचा आवाज भरून घेतला होता, दोन्ही बाजू, पूर्ण एक तास. आणि तो चुकून पुसला जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीची ती दोन इवली झाकणं मोडून टाकली होती. कोड्यातली झाकणं आठवतात ना? ती असतात त्याचसाठी! झाकण मोडलं की तिथं खाच पडते आणि टेपरेकॉर्डरचं भरण्याचं बटण दाबलंच जात नाही. विकतच्या कॅसेटला ती झाकणं नसतातच. पण त्यावर एक पळवाटही आहे. खाचेवर चिकटपट्टी लावली की बटण पुन्हा दाबलं जातं. आणि भरताना फीत आधी एका पुसणाऱ्या हेडसमोरून जाते, मग भरणाऱ्या हेडसमोरून. ओल्या फडक्यानं पाटी पुसून मगच नवं लिहितो, तसं. जुनं काही शिल्लक राहत नाही.

सतरा वर्षांच्या आप्पांजवळ कोरी कॅसेट नव्हती. कांद्याचे पैसे संपले होते. आणि आजी काय, रोजच गात होती!

"तिला कळलं होतं का?" मी विचारलं.

"कळलं. म्हणाली, असू दे, मी हाय की." आप्पा थोडा वेळ थांबले. "पुढं गिरणी आली. जातं बंद झालं. परत भरायचं राहूनच गेलं." म्हणून ती पेटी सुतळीनं बांधलेली होती. लाईट गेल्यामुळे शेवटी थोडं उरलंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दहावर गाणं तुटलं की ते दर वेळी कॅसेट बंद करायचे.

मुलांनो, ओव्या अशा जातात हे काही जणांना वेळीच कळलं होतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्राच्या गावोगावी सहकाऱ्यांसह फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रितही झाल्या. आज 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकायला मिळतात. गाणाऱ्या बाईच्या नावासकट, गावासकट! आमच्या दारी कुणी आलं नव्हतं. आमच्याकडे आहे ते हे एक मिनिट.

तेवढं मी लगेच मोबाइलमध्ये भरून घेतलं. तुमच्याही घरी अशी कॅसेट निघाली तर घाईनं वाजवू नका बरं का! आधी फीत कुठे गुंतलीय का पाहा. चाकाच्या दात्यांत पेन्सिल घालून हलक्या हातानं घट्ट करा. वाजवून झाली की उन्हापासून आणि लोहचुंबकापासून लांब ठेवा. आणि कागदावर काय लिहिलंय यावर जाऊ नका, दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका.

आप्पांनी कॅसेट यंत्रातून काढून घेतली. पाठीवरची ती जुनी, पिवळी पडलेली चिकटपट्टी नखानं खरवडत बसले. सहज निघत नव्हती. पहिली निघाली, मग दुसरी. दोन्ही खाचा मोकळ्या झाल्यावर त्यांनी कॅसेट डबीत घातली, डबी पेटीत ठेवली.

"हं," ते म्हणाले, "आता बनवाबनवी लाव."